सार खारट होत चाललंय

ओसाका,
तेन्जिनच्या उत्सवाआधीचा सोमवार

ती. फुमिए आत्याबाई,

तुमच्या पायांपाशी, पण दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, चिगुसाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? पावसाळा संपला असं हवामानखात्याने जाहीर केलं आणि त्याच दुपारी इथे धो धो कोसळला. तेव्हापासून खात्यापेक्षा तुमच्या गुडघ्यावर विश्वास ठेवावा असं आमच्या घरात ठरलं आहे. किशिवादाला उकाडा इथल्यापेक्षा कमी असेल, समुद्राचा वारा येत असेल. इथे काराहोरीच्या गल्लीत वारा येतो तो फक्त समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून, आणि तो गरम असतो.

तुम्ही पाठवलेली मिठात मुरवलेली पाणवांगी शुक्रवारी पोचली. पेटीत चिठ्ठी होती, ‘उत्तराचा त्रास घेऊ नये.’ आत्याबाई, हे तुम्ही गेल्या उन्हाळ्यातही लिहिलं होतं. मग मी उत्तरादाखल शेवयांची पेटी पाठवली, तिला उत्तर म्हणून तुमच्याकडून संत्र्यांच्या वड्या आल्या, त्यांना उत्तर म्हणून मी चहा पाठवला, आणि आपण दोघींनी मिळून टपालखात्यातल्या त्या हसऱ्या मुलाला बढती मिळवून दिली. म्हणून या खेपेस मी वस्तू पाठवत नाही. पत्र पाठवते आहे. पत्राला उत्तरादाखल माणसाने स्वतः यायचं असतं (हा नियम मी आत्ताच केला).

त्या वांग्यांचं सांगते. तुमच्या भाच्याकडे आता अशा सुऱ्या आहेत की मासिकवाले येऊन त्यांचे फोटो काढतात. माणसाचे नंतर, सुऱ्यांचे आधी. पण ह्यांनी तुमचं वांगं नळापाशी उभ्या उभ्या हाताने फाडलं, तुम्ही शिकवलं होतंत तसं, आणि देठापर्यंत खाल्लं. मग दुसरं घेतलं. दुकानाला तो तारा मिळाल्यापासून ह्यांना असं काही खाताना मी पाहिलं नव्हतं. हात धुतले, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, ‘आत्याचं मीठ कळतं.’ बस्स. हे केस कापायला गेले आहेत, दुकानाला सुटी आहे, आणि मी त्या एका वाक्यापायी दौत काढून बसले आहे.

आधी खुर्चीचं बोलते, कारण तिच्यावरून आपल्या दोन्ही घरांत उगाच गैरसमज वाढला आहे, आणि आपण सगळेच इतके शहाण्यासारखे वागलो की तो मिटवायला कुणी मोकळं राहिलं नाही.

गेल्या शरद ऋतूत, उत्तम खाणावळी निवडून त्यांना तारे देणाऱ्या त्या पुस्तकवाल्यांनी आम्हालाही एक तारा दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, ‘आता तुमच्याकडे बडी बडी माणसं येणार गं. माझी कोपऱ्यातली खुर्ची त्यांना दे.’ मी नको नको म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, मी पुन्हा नको नको म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हणणार इतक्यात दारात फुलवाला आला. (अभिनंदनाची फुलं इतकी आली होती की शेजारच्या आजीबाई काळी शाल पांघरून आल्या आणि हळूच विचारलं, ‘तुझा तोकुजी गेला का गं?’) मी सही करून परत येते तर तुम्ही ‘बरं, ठरलं मग’ म्हणून फोन ठेवलेला. आता आपल्यात दोनदा नको म्हणणं हा शिष्टाचार आणि तिसऱ्यांदा म्हणणं ते मनापासून, हे तुम्हालाही माहीत आणि मलाही. माझं मनापासूनचं नको त्या फुलवाल्याने खाल्लं.

तरी मला वाटलं, बुधवार आला की तुम्ही नेहमीसारख्या जेवायला याल. तुम्हाला वाटलं असेल, आम्ही बोलावू. आम्हाला वाटलं, बोलावलं तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही आणि गुडघा दुखत असताना गाडीत उभं राहून यावं लागेल. तुम्हाला वाटलं, न बोलावता आले तर एका बड्या माणसाची जागा अडेल. असं एकमेकींची काळजी करत करत हिवाळा गेला, साकुराचा बहरही येऊन गेला.

आणि खुर्ची? ती रिकामीच आहे. तुमचा भाचा बुधवारी तिथे चॉपस्टिक मांडतो, उशी झटकून ठेवतो आणि जेवण संपलं की पुन्हा उचलतो. मला काही सांगत नाही, मीही विचारत नाही. आठ खुर्च्यांच्या दुकानात, जिथे जागेसाठी लोक वर्षभर थांबतात, तिथे एक खुर्ची रिकामी दिसली की माणसं काय काय कल्पना करतात म्हणून सांगू! एका पाहुण्याने मला कानात विचारलं, ही अमक्या काबुकी नटासाठी राखलेली का? मी म्हटलं, तसंच काहीसं. झालं. आता त्या खुर्चीशेजारी बसणारा माणूस पाठ ताठ करून बसतो आणि खाली काही सांडलं तर खुर्चीची माफी मागतो.

तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? घर भरलेलं आहे, नाव झालं आहे. आत्याबाई, घर भरलेलं आहे पण आवाज गेला आहे. तुम्हाला दातांचे उत्सुमी डॉक्टर आठवतात ना, दरवाजाजवळ बसणारे? पूर्वी ते पहिला घास घेऊन ओरडायचे, ‘तोकु, हा मासा शाळेत मागच्या बाकावर बसायचा वाटतं, काही शिकून आला नाही!’ आणि हे आतून म्हणायचे, ‘गुरुजी दाताचे डॉक्टर होते त्याचे, तोंडच उघडलं नाही कधी.’ आणि तुम्ही कोपऱ्यातून दोघांनाही, ‘गप्प बसा, निवतंय.’ आता उत्सुमी डॉक्टर टाय बांधून येतात. घास घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘आज फार शिकायला मिळालं.’ काय शिकायला मिळालं, हे त्यांनाच माहीत. बाकीचे पाहुणे तर वाडगा समोर आला की आधी त्याचा फोटो काढतात, मग दुसऱ्या बाजूने काढतात, तोवर वाफ निघून जाते, मग गार सार पिऊन हात जोडतात. लोक पूर्वी आमच्याकडे जेवायला यायचे. आता शेजारणीचं बाळ बघायला जावं तसे येतात. कसंही असलं तरी गोड म्हणायचं आणि निघायचं.

आता मुद्द्याला हात घालते. (तीन पानं झाली, मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणायचात, चिगुसा माशाचं डोकं कापायच्या आधी त्याच्या आजोळची चौकशी करते.)

सार खारट होत चाललंय.

लिहिलं एकदाचं. इतके महिने तोंडातून निघत नव्हतं.

फेब्रुवारीत आम्हा दोघांनाही ताप आला. एकाच अंथरुणात, एकाच उशाशी औषधं, आळीपाळीने एकमेकांना भाताची पेज भरवली. दुकान आठवडाभर बंद ठेवलं. (त्यावर कुणीतरी लिहिलं की आचारी चिंतनासाठी डोंगरात गेले आहेत.) उठल्यावर ह्यांनी पहिलं सार केलं, समुद्रशेवाळाच्या पट्ट्या आणि सुकट माशाचा कीस, नेहमीचंच, मामंजींच्या वेळेपासूनचं. मी चमचाभर चाखलं आणि मला वाटलं, हे खारट आहे. फार नाही. खारट खाणाऱ्या तोक्योच्या वाटेवर एखादं स्टेशन पुढे गेल्यासारखं.

मी काही बोलले नाही. का ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहवणार नाही. मामंजींचा नियम तुम्हाला माहीत आहे. ओट्यापलीकडच्या माणसाने पातेल्याबद्दल, म्हणजे साराबद्दल, बोलायचं नाही. बोलायची मुभा घरात एकट्या तुम्हाला होती, धाकटी बहीण म्हणून. आणि त्या बुधवारी तुम्ही ती वापरलीत. मी तेव्हा नवी सून होते, चहाचे पेले पुसत होते. तुम्ही वाडगा खाली ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, ‘दादा, आज सार चुकलं. मागच्या बुधवारीही चुकलं होतं.’ मामंजींनी स्वतः चाखलं, पुन्हा चाखलं. त्यांना काही चुकलेलं लागत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना कळलं, आपली जीभ गेली. त्यांनी सुरी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली आणि ह्यांच्या हातात दिली. मग ओट्याला वळसा घालून आले आणि तुमच्या शेजारी बसले, पाहुण्यांच्या बाजूला, आयुष्यात पहिल्यांदा. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. तुम्हाला ‘आभारी आहे’ म्हणाले. तुम्ही घरी जाताना रडत होतात, मी बघितलं होतं. छत्री द्यायला मागे धावले होते.

म्हणून मी बोलले नाही. सार खारट झालं एवढंच म्हणायचं असतं तर कुणीही म्हटलं असतं. पण या घरात त्या वाक्याचा अर्थ ‘सुरी ठेवा’ असा होतो. ह्यांचं वय एक्कावन्न. सुरीशिवाय हे काय करतील हे मला माहीत नाही. आज सुटी म्हणून केस कापायला गेले आहेत, महिन्याभरात तिसऱ्यांदा.

मी सुचवून पाहिलं. ह्यांच्या उजव्या हाताला पाण्याचा मोठा पेला ठेवू लागले. ह्यांनी त्यात फुलं ठेवली. मी म्हटलं, हल्ली दमट हवा आहे, लोकांना घाम कमी येतो, शरीराला मीठ कमी लागत असेल नाही? हे म्हणाले, ‘हूं.’ एकदा मी साखरेऐवजी मीठ घालून चहा केला, म्हटलं मिठाचं काही लक्षात येईल. प्यायले आणि म्हणाले, ‘आज चहा छान झालाय.’ त्या दिवशी मी मोरीत जाऊन बसले, थोडा वेळ.

मग मी केलं ते केलं. सार वाडग्यांत भरून हे माझ्याकडे पडद्यामागे देतात. मी झाकणं लावते आणि वरून पाण्याचे बारीक थेंब शिंपडते. आधी कुणी झाकण उघडलेलं नाही, याची ती खूण. म्हणजे पाहुण्याला खात्री, की आचाऱ्याच्या हातातून आणि थेट तुमच्या हातात, मध्ये कुणी नाही. तर आत्याबाई, मी आधी चहाच्या किटलीतलं गरम पाणी चमचाभर आत घालते, मग झाकण लावते, मग कुणी उघडलं नाही म्हणून वरून पाणी शिंपडते. तेही नेमकं, सुबक. एका पाहुणीने माझ्या हातांचं कौतुक केलं, म्हणाली, थेंब किती प्रामाणिक पडले आहेत!

चमच्याचे दीड चमचे झाले, मग दोन, कारण सार आठवड्यागणिक खारट होत गेलं. मी पाणी वाढवलं की पुढच्या आठवड्यात मीठ आणखी चढलेलं असायचं, जणू पातेल्याला माझा राग आला होता. मे महिन्यात एका मोठ्या खाद्यलेखकाने लिहिलं की आपल्या ‘इसोगाई’चं सार या वर्षी वेगळ्याच उंचीवर गेलं आहे, त्यात एक संकोच आहे, एक माघार आहे, घोट संपल्यावर काहीतरी राहून गेल्याची हुरहूर आहे. ती हुरहूर म्हणजे आमच्या किटलीतलं पाणी. मी तो लेख वाचून हसायला लागले आणि मला ते हसू थांबवता येईना. ह्यांनी विचारलं काय झालं. मी लेख पुढे केला. ह्यांनी वाचला, घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला. हसले नाहीत.

गेल्या महिन्यात माझी दाढ दुखली. दवाखान्यात संध्याकाळची वेळ मिळाली, मी नाही म्हणू शकले नाही, आणि त्या संध्याकाळी सार ह्यांनीच झाकून नेलं. मी तिकडे उत्सुमी डॉक्टरांच्या खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, नळी आणि आरसा. म्हटलं, हा माणूस तीस वर्षं आमच्याकडे जेवतो आहे, यालाच विचारावं. पण कापसातून ‘सार’ हा शब्दही निघत नाही. ते म्हणाले, ‘दुखतंय का वहिनी?’ मी मान हलवली, नाही. ‘मग हात कशाला हलवताय?’ मी वाडगा धरल्यासारखं करून पिऊन दाखवलं. ‘पाणी हवंय?’ मी जोरात मान हलवली, आणि त्यांना कळलं. त्यांनी आरसा बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘वहिनी, साराचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हल्ली त्यात काहीच लागत नाही. आधी वाटलं आजच तसं असेल. मग वाटलं माझीच जीभ म्हातारी झाली. सगळे डोळे मिटून पितात, म्हणून मीही मिटतो.’ आणि वर म्हणाले, ‘तोकुला नका हं सांगू. इतक्या मोठ्या माणसाच्या हातचं मला कळत नाही म्हटलं तर काय वाटेल त्याला!’ मला सांगायचं होतं, डॉक्टर, तुमची जीभ शाबूत आहे, मी पाणी घालते. पण तोंडात नळी होती. ते तसं बरंच झालं म्हणा.

इकडे दुकानात बिनपाण्याचं सार गेलं. आठही जण मुकाट प्यायले. (सात, कोपरा रिकामा.) चहा मात्र तीन तीनदा मागवला. आणि एक तोक्योचे गृहस्थ वाडगा खाली ठेवून मोठ्यांदा म्हणाले, ‘वा! ओसाकात पहिल्यांदाच चवीचं सार प्यायलो!’

आत्याबाई, ओसाकाच्या आचाऱ्याला तोक्योच्या माणसाने भर दुकानात असं म्हणावं! तुम्ही असतात तर त्या गृहस्थांना पिशवीतली गोळी काढून दिली असतीत आणि म्हणाला असतात, ‘ही चघळा, आणखी चव येईल.’ तुमच्या भाच्याने वाकून आभार मानले. मी घरी आले तेव्हा हे ओटा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा. मला विचारलं, ‘दाढ काढली?’ मी म्हटलं, भरली. म्हणाले, ‘बरं झालं. असतं ते राखावं.’ 

मला या ताऱ्याचा राग येत नाही. खरं सांगते. ज्या संध्याकाळी तो मिळाला, त्या हॉटेलात ह्यांना पांढरा कोट घालायला लावला, वर नाव विणलेला, आणि फोटोत हे अगदी उत्सुमी डॉक्टरांसारखे दिसतात, तरी मी तो फोटो भिंतीवर लावला आहे. पण मला वाटत राहतं की आम्ही काहीतरी देऊन तो घेतला आणि काय दिलं ते तेव्हा बघितलं नाही. आमच्याकडे एक ओटा होता, त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांना काहीही बोलू शकायची. आता अलीकडे सगळे डोळे मिटतात, पलीकडे एक माणूस पाठ करून उभा असतो, आणि मध्ये पडद्यामागे मी, हातात किटली. घरात मूल नाही, सासू नाही, भांडायला बरोबरीची शेजारीण नाही. तुम्ही होतात.

पुरे झालं. शाईही संपत आली आणि न्हावी काही संध्याकाळपर्यंत कापत बसणार नाही, ह्यांच्या डोक्यावर उरलंय किती! गुडघ्याला शेक द्या. गाडीत उभ्या राहू नका. पाणवांग्यांबद्दल पुन्हा एकदा आभार.

तुमची सून,
चिगुसा

ता. क. – वर इतकं लिहून जे मागायचं ते राहिलंच. या बुधवारी या. जेवायला म्हणून नाही, चाखायला या. मी किटली हातात घेणार नाही, तुमच्यासमोर जे येईल ते पातेल्यातलं असेल. खारट असेल तर त्यांना सांगा. तुम्हाला हे एकदा करावं लागलं होतं आणि तुम्हाला ते किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. सख्ख्या भावानंतर भाच्याच्या बाबतीतही ते तुमच्याच वाट्याला टाकते आहे, याबद्दल माफी कशी मागावी हे मला कळत नाही. मी सांगितलं तर बायको बोलली असं होईल, आणि हे माझं मन राखण्यासाठी मान्य करतील. तुम्ही सांगितलंत तर ते खरं असेल.

ता. क. दुसरा – पाकिटाला डिंक लावत होते तेवढ्यात हे आले. कान उघडे पडले आहेत बिचारे. विचारलं, कुणाला पत्र? म्हटलं, आत्याबाईंना, पाणवांग्यांची पोच. हे तिथेच उंबऱ्यावर बसले, बूट न काढता, आणि म्हणाले, ‘मी शनिवारीच लिहिलंय.’

म्हणजे त्यांचं पत्र तुमच्या हातात एव्हाना पडलंही असेल, आणि माझं वाचताना तुम्ही हसत असाल किंवा कपाळाला हात लावला असेल. त्यात काय आहे ते मला आत्ता कळलं. माझ्या जिभेबद्दल आहे! कुणी वाडग्यात घोट ठेवून उठलं की हे तो घोट बोटावर घेऊन चाखतात, मला कधी माहीत नव्हतं. पातेल्यात बरोबर लागणारं सार वाडग्यातून अळणी होऊन परत यायचं. आधी ह्यांना वाटलं आपलीच जीभ गेली, म्हणून मीठ वाढवलं. तरी अळणीच. आणखी वाढवलं. मग मे महिन्यात, त्या लेखाच्या सुमारास, पडद्याच्या फटीतून किटली दिसली. म्हणजे दोन महिने हा माणूस गप्प आहे. मी म्हटलं, बोलला का नाहीत? म्हणाले, ‘तापानंतर तुझी चव गेली असं वाटलं. तुला सगळं खारट लागत असेल. सांगितलं असतं तर तू पडद्यामागे उभी राहिली नसतीस पुन्हा.’ म्हणून हे माझ्या पाण्याच्या हिशेबाने मीठ घालत होते आणि मी त्यांच्या मिठाच्या हिशेबाने पाणी. दाढेच्या संध्याकाळी मी पडद्यामागे नाही हे ह्यांना सवयीने मीठ पडून गेल्यावर आठवलं. आणि मिठाचा चहा? तो त्यांना लागला होता. मला वाईट वाटू नये म्हणून छान म्हणाले.

मी म्हटलं, पण ते पहिलं सार? फेब्रुवारीतलं, माझं पाणी पडायच्या आधीचं? ते खारट होतं. हे म्हणाले, नव्हतं. मी म्हटलं, होतं. हे म्हणाले, नव्हतं. शेजारच्या आजीबाईंनी खिडकी उघडली. कित्येक महिन्यांत आम्ही इतक्या मोठ्यांदा बोललो नव्हतो.

ता. क. तिसरा – पाकीट फोडून हे लिहिते आहे, फाटलेलं दिसलं तर टपालवाल्याला बोल लावू नका.

आम्ही आत्ता सार केलं. सुटीच्या दिवशी, घरच्या कपड्यांत. ह्यांनी मामंजींच्या अंदाजाने मीठ घातलं, त्यांना बरोबर वाटलं तेवढंच, माझ्यासाठी म्हणून चिमूटही जास्त नाही. मी किटली बाल्कनीत नेऊन ठेवली. एकाच वाडग्यातून प्यायलो, आधी हे, मग मी. मी म्हटलं, खारट निघालं तर काय कराल? म्हणाले, ‘बाबा ज्या बाजूला जाऊन बसले, तिथे जाऊन बसेन. तिथून तू कशी दिसतेस ते मी कधी बघितलं नाही.’ मग मला विचारलं, ‘आता सांग.’ मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा. शेवटी दोघांनी एकदम सांगायचं ठरलं.

दोघांनाही अगदी बरोबर लागलं, आत्याबाई. थेंबभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझं मन राखतायत का म्हणून. ते माझ्याकडे तसंच बघत होते. आता एक तर आमच्या दोघांच्याही जिभा ठीक आहेत, नाहीतर त्या तापात दोघांच्याही सारख्याच गेल्या आहेत, आणि इथे बसून ते आम्हाला कळायला काहीही मार्ग नाही. पातेलं अजून गरम आहे. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो आहोत.

घरात तिसरं माणूस नाही. बुधवारी याच.